चार बोटं दोरा

फासेताईंचं काम बघायचं तर समोरच्या बाईला पाठ फिरवायला सांगावं लागे. माळ गळ्यात घातली की लोक मणी बघतात, रंग बघतात, पदक असलं तर पदक बघतात. मानेमागे, केसांखाली जिथं माळेची दोन टोकं जोडतात, तिथं कोण कशाला बघेल? तिथं फासा असतो. एका टोकाला आकडा, दुसऱ्या टोकाला कडी, एवढंच. हातानं केलेल्या माळांना असे फासे करून लावायचे, हे ताईंचं आयुष्यभराचं काम. त्यांचं खरं नाव पाकिटावरच्या पत्त्यात यायचं तेवढंच. एरवी सगळी गल्ली त्यांना फासेताई म्हणायची.

मी घड्याळं दुरुस्त करतो. माझं दुकान म्हणजे जिन्याखालची तिरकी जागा. उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून मी बत्तीस वर्षं बसूनच आहे. त्याच जिन्यानं वर गेलं की पहिल्या मजल्यावर ओळीनं तीन खोल्या. पहिली ताईंची. पुढच्या दोन त्यांच्या थोरल्या भावाच्या. त्याला सगळे दादा म्हणायचे. माझ्याच वयाचा, त्यामुळे आमचं अरे-तुरे. लाकडाच्या वखारीत कामाला होता. त्याची बायको माळा ओवायची. ताईंच्या त्या वहिनी, म्हणून मीही वहिनीच म्हणायचो. आणि त्यांची एकुलती एक मुलगी, आईच्या खोलीत जेवणारी आणि आत्याच्या खोलीत झोपणारी. ताईंचं लग्न झालं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "जमलं नाही, मग जमवायचं राहूनच गेलं." जणू छत्री दुरुस्तीला टाकायची राहिली.

नणंद-भावजयीचं काम एकमेकींत गुंतलेलं होतं. वहिनी रेशमी दोऱ्यात मणी ओवायच्या. प्रत्येक मण्यानंतर एक गाठ, म्हणजे कधी दोरा तुटलाच तरी मणी घरंगळायला नकोत. दोन्ही टोकांना चार बोटं दोरा मोकळा सोडायचा. मग माळ ताईंच्या टेबलावर यायची. ताई माळेचं वजन तळहातावर जोखायच्या, घालणारीची मान आणि बोटं बघायच्या, आणि चांदीच्या तारेचा आकडा नि कडी करायच्या. शेवटची गाठ मात्र दोघींची. ताई चिमट्यात कडी धरून बसायच्या, आणि वहिनी तो चार बोटं दोरा कडीतून दोनदा फिरवून, शेवटच्या तीन मण्यांतून मागे घेऊन गाठ आवळायच्या. खिडकीशी दोघींची डोकी एकमेकींना टेकलेली. तेवढा वेळ वहिनीसुद्धा गप्प असायच्या, आणि हे मोठंच होतं, कारण एरवी त्यांचा पट्टा सुरू झाला की माझ्या दुकानातल्या घड्याळांची टिकटिक ऐकू यायची नाही.

"वहिनी, तुमच्या तोंडाला एक फासा करून देऊ का?" ताई विचारायच्या.

"द्या की वन्सं. पण आकडा पुरायचा नाही हं, पेचाचा करा."

आणि दोघी हसायच्या. हसणं जिन्यावरून खाली यायचं.

माळ घ्यायला बाई आली की ताईंची एक परीक्षा असे. "डोळे मिटा. आता तीनदा लावा, तीनदा काढा." जी अडखळेल तिला माळ मिळायची नाही. एखादीची नखं लांब असत, एखादीची बोटं सुजलेली, एखादी डावखुरी. ताई तिथल्या तिथं कडी मोठी करायच्या, नाहीतर आकडा उलटा बसवायच्या. एकदा एक बाई वैतागून म्हणाली, "अहो, आमचे हे लावून देतील की!" ताई शांतपणे म्हणाल्या, "आणि भांडण झालं त्या दिवशी?" ती बाई हसत हसत परत खुर्चीत बसली.

अशी वीस-बावीस वर्षं गेली. मग शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त झाल्या.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. अर्ध्या गल्लीनं त्यांच्या हातची छडी खाल्लेली. त्यांच्याकडे आईची पोवळ्यांची माळ होती, दोरा कुजून गेलेली. निरोपाच्या समारंभात ती घालायची म्हणून त्यांनी ती नव्यानं ओवायला दिली. वहिनींनी ओवली, ताईंनी फासा केला, शेवटची गाठ दोघींनी घातली. समारंभ झाला, गर्दीत शंभर मुलं पाया पडली, मोठ्या बाई चालत घरी आल्या आणि आरशासमोर उभ्या राहिल्या तर गळा मोकळा. सभागृह शोधलं, मैदान शोधलं, रस्ता दोनदा पालथा घातला. माळ मिळाली नाही ती नाहीच.

दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या आईची होती हो."

ताईंच्या तोंडून पटकन निघालं, "फासा माझा पक्का होता. गाठ सुटली असेल."

वहिनी दारातच उभ्या होत्या, हातात सुई. "वन्सं, गाठ आपण दोघींनी घातली होती."

"आवळली तुम्ही होतीत."

"इतक्या वर्षांत माझी एक तरी गाठ सुटलेली दाखवा."

"मग माझा एक तरी फासा उघडलेला दाखवा!"

मी खाली भिंग डोळ्याला लावून बसलो होतो आणि मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. माळ समोर असती तर एका मिनिटात निकाल लागला असता. कडीत दोरा अडकलेला असता तर कडी उघडली, नुसती रिकामी कडी असती तर गाठ सुटली. पण माळच नव्हती. संध्याकाळी दादा कामावरून आला, त्याला दोघींनी आपापलं सांगितलं, आणि तो बायकोच्या बाजूनं बोलला. ताईंना ते फार लागलं. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी तुमच्या घरातली होते, आज नणंद झाले." त्यानंतर खोल्यांमधलं दार बंद झालं. मोठ्या बाईंनी मुद्दाम नाही, पण विचारेल त्याला सांगितलं की गाठ सुटली असं फासेताई म्हणतात. फासेताईंच्या शब्दाला वजन होतं. वहिनींकडे येणाऱ्या माळा कमी होत गेल्या.

पंधरा दिवसांनी ताई जिना उतरून माझ्याकडे आल्या. मुठीत काहीतरी होतं. "घड्याळजी, जरा तुमचं भिंग द्या. नुसत्या डोळ्यांनी मला नीट दिसत नाही."

मी म्हटलं, "आणा, मीच बघतो."

एक तुटलेली चांदीची कडी होती. दुसऱ्या कुठल्यातरी बाईच्या हातातल्या साखळीची, परत आलेली. मी उजेडात धरून बघितली. तुटली होती तिथं चांदी साखरेसारखी दाणेदार दिसत होती. तार वाकवण्याआधी तापवून मऊ करतात, ती प्रमाणाबाहेर तापली की आतून अशी ठिसूळ होते. वरून चकचकीत, आतून गेलेली.

"तार जास्त तापलीय ताई," मी म्हटलं. "ही आज ना उद्या तडकणारच होती."

त्या माझ्या समोरच्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "तारेच्या त्याच वेटोळ्यातली कडी मोठ्या बाईंच्या माळेला होती."

मी ती कडी त्यांच्या तळहातावर परत ठेवली.

"हे आपल्यातच राहू द्या. वहिनींना मी सांगते. मीच सांगते."

"सांगा," मी म्हटलं.

त्या वेटोळ्यातून केलेले बाकीचे सगळे फासे त्यांनी आठवून आठवून परत मागवले आणि बदलून दिले. 'नवा नमुना आलाय' असं गिऱ्हाइकांना सांगितलं. वहिनींना मात्र सांगितलं नाही. आज सांगते, उद्या सांगते. जिन्यात समोरासमोर आल्या तर ताई भिंतीला चिकटून वाट द्यायच्या, ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. आधी वाटलं असेल की राग जरा निवू दे. मग वाटलं असेल की इतक्या उशिरा सांगितलं तर इतके दिवस का नाही, हेही सांगावं लागेल. मला हे कळतं, कारण माझंही तेच चाललं होतं. मी रोज दादाबरोबर चहा पीत होतो. एका वाक्याचं काम होतं. मी मूग गिळून बसलो.

चार महिन्यांनी वखार नदीपलीकडे गेली आणि दादानं बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. मुलगी तेव्हा दुसऱ्या शहरात नर्सचं शिकायला गेली होती. सामान गाडीत चढलं. ताई खोलीतून बाहेर आल्या नाहीत. वहिनी माझ्या दुकानाशी थांबल्या, चपलेनं उंबऱ्यावरची धूळ सारत म्हणाल्या, "वन्संना डोळे तपासून घ्यायला सांगा. हल्ली तार तापवताना दिव्याच्या फार जवळ जातात. केस जळतील एखाद दिवशी."

मी तो निरोप वर नेला. ताई "हं" म्हणाल्या आणि कानस उचलून घासायला लागल्या. हातात घासायला काहीच नव्हतं.

पुढची तीन वर्षं ताईंनी एकटीनं काम केलं. माळा आता गिऱ्हाइकं कुठून कुठून ओवून आणायची. ताई कडी चिमट्यात धरायच्या आणि गाठही स्वतःच घालायच्या, चिमटा दातांत धरून. चष्मा आला. बोलणं आधीच कमी होतं, ते आणखी कमी झालं. नदी ओलांडायला लाँचनं पाऊण तास लागायचा. ताई एकदाही गेल्या नाहीत. वहिनी पलीकडे थोडंफार ओवतात, फासे बाजारातले तयार लावतात, असं कोणाकोणाकडून कानावर यायचं.

एका बुधवारी सकाळी लाँच बुडाली. धुकं होतं, माणसं ठरल्यापेक्षा जास्त भरली होती, आणि जुन्या धक्क्याचा एक मोडका खांब पाण्याखाली होता. पलीकडून इकडे येणारी आठची लाँच. तेवीस माणसं गेली. बरीचशी त्याच दिवशी सापडली, काही तिसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी सापडलेल्यांचे चेहरे ओळखण्यासारखे राहिले नव्हते.

शुक्रवारी दुपारी हवालदार माझ्याकडे आले. त्यांच्याजवळ नंबर घातलेल्या कापडी पिशव्या होत्या. दोन घड्याळं माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "तुम्ही लोक झाकणाच्या आत खूण करता ना? बघा काही कळतं का." एकात माझी खूण होती. मी वही काढली आणि माणसाचं नाव सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "बायकांच्या अंगावरच्या वस्तू आहेत. त्यांचं कोणाला कळेल?"

मी म्हटलं, "वर चला."

मीच म्हटलं ते. दुसरं कोणी नव्हे.

ताईंनी टेबल पुसलं, पांढरा रुमाल अंथरला. हवालदारांनी पहिली पिशवी उपडी केली. ताईंनी माळेकडे नीट बघितलंही नाही, फासा उलटा करून बोट फिरवलं. "आकडा उलटा आहे. ह्या डावखुऱ्या होत्या. बेकरीवाल्याची आई." हवालदारांनी लिहून घेतलं. दुसरी. "ही कडी मोठी केलीय. मुलगी आहे, विशीतली, नखं वाढवलेली. टपालवाल्यांची धाकटी." ताईंचा आवाज सपाट होता, पण दर वेळी वस्तू खाली ठेवताना त्या तिची दोन टोकं जोडून, फासा लावून ठेवत होत्या. तिसरीत साखळी होती. "माझं काम नाही."

चौथ्या पिशवीतून निळ्या काचेच्या मण्यांची माळ निघाली. बारीक, रोज घालण्यातली. फासा बाजारातला, पत्र्याचा, पक्कडीनं वेडावाकडा दाबून बंद केलेला.

"हाही माझा नाही," ताई म्हणाल्या.

हवालदारांनी ती बाजूला सारली आणि पाचवी पिशवी उघडायला घेतली.

"थांबा," ताई म्हणाल्या.

त्यांनी माळ परत ओढून घेतली, डोळे मिटले आणि मण्यांमधल्या गाठी एकेक करून बोटांनी चाचपल्या. अर्ध्यावर त्यांचं बोट थांबलं. मी त्यांचा चेहरा बघितला आणि मलाही कळलं.

"आमच्या वहिनी," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"अशी गाठ दुसरं कोणी घालत नाही."

दादा लाकूड आणायला गाडीबरोबर चार दिवस बाहेरगावी गेला होता. मुलगी शिकायला लांब. म्हणून वहिनी घरी नाहीत हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तीन दिवस कोणी शोधलंही नव्हतं त्यांना.

हवालदार बिचारे अवघडले. नंबर बघून म्हणाले, "ह्या बाईंच्या पिशवीत एक डबाही होता. घट्ट झाकणाचा. आत पाणी गेलं नाही." त्यांनी झोळीतून तो काढला. आत सात माळा होत्या, कागदात वेगवेगळ्या गुंडाळलेल्या. ओवून पुऱ्या झालेल्या. एकीलाही फासा नव्हता. सगळ्यांची टोकं मोकळी.

ताईंनी एक माळ उचलली. टोकाच्या दोऱ्यावर आपल्या हाताची बोटं आडवी ठेवली. चार. दुसरं टोक बघितलं. चार. मग दुसरी माळ, तिसरी, सातही.

"बाजारातल्या फाशाला एवढा दोरा लागत नाही," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "दोन बोटं पुरतो, उरलेला कापावा लागतो. एवढा माझ्यासाठी सोडायच्या."

आणि त्या उठून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

इस्पितळात ओळख पटवायला त्या स्वतः गेल्या. मी बरोबर होतो. पायाच्या अंगठ्यावरून ओळखलं त्यांनी, लहानपणी त्यावर काहीतरी पडून नख वाकडं झालेलं होतं. परिचारिकेनं खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. दादाला निरोप पोचून तो येईपर्यंत दोन दिवस गेले. तोवर सगळ्या कागदांवर ताईंनी सह्या करून टाकल्या होत्या. दादा आला तो सरळ त्यांच्या गळ्यात पडून रडला. तीन वर्षांचं सगळं त्या रडण्यात वाहून गेलं असतं. मला वाटलं, आता ताई काही बोलणार नाहीत, आणि बोलूही नये. झालं ते झालं.

पण महिन्याभरानं ताई पलीकडे गेल्या. लाँच पुन्हा सुरू झाली होती. परत आल्या त्या थेट माझ्या दुकानात, स्टुलावर.

"सांगितलं दादाला," त्या म्हणाल्या. "कडी माझीच होती, हे. आणि पंधरा दिवसांत मला कळलं होतं, हेही."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ती इथं येऊन रोज रात्री आपल्याच गाठी ओढून बघायची. स्वतःवरचा विश्वासच उडाला होता तिचा. एकेक गाठ तीनतीनदा ओढायची." ताईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "मग म्हणाला, तू आज हे मला सांगायला नको होतंस. इतके दिवस गप्प बसलीस, तशीच बसायचीस."

मी विचारलं, "आणि माझं?"

"तुमचं नाव घेतलं नाही मी. तुमचा काय संबंध?"

माझा संबंध होता. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या बाईंकडे गेल्या. मोठ्या बाई आता काठीनं चालायच्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "माळेचं मला आता काही वाटत नाही. पण तुमचं ऐकून मी चार लोकांना सांगितलं, आणि तुमच्या वहिनींचं काम गेलं. तेव्हा मला एकदा त्यांनाही विचारावंसं वाटलं नाही. मी आयुष्यभर मुलांची भांडणं सोडवली, दोन्हीकडचं ऐकून घेतल्याशिवाय कोणाला शिक्षा केली नाही." ताईंना वाटलं होतं की त्या रागावतील, निदान दार दाखवतील. त्याऐवजी दोघी म्हाताऱ्या बायका समोरासमोर बसून रडल्या, आणि त्यानं कोणाचंच ओझं हलकं झालं नाही, असं ताई मला म्हणाल्या.

दादानं ताईंशी बोलणं सोडलं. ह्या वेळी कारण खरं होतं, त्यामुळे समजूत घालायलाही काही जागा नव्हती.

भाची मात्र यायची. नर्स होऊन ती इथल्याच इस्पितळात लागली होती. पहिल्यांदा आली तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, मला तुझा खूप राग आलाय."

"येऊ दे," ताई म्हणाल्या.

"जेवायला काय आहे?"

ती जेवली, ताटली विसळली आणि गेली. पुढच्या आठवड्यात परत आली. असं वर्षभर चाललं. मग एकदा ती तो डबा घेऊन आली. पोलिसांनी तो दादाला दिला होता आणि दादानं उघडूनही बघितला नव्हता. "ह्यांना फासे लाव," ती म्हणाली.

"गाठ कोण घालणार?" ताईंनी विचारलं.

"मी. टाके घालते की रोज माणसांना."

सात माळांना सहा रविवार लागले. भाचीच्या गाठी चांगल्या होत्या, पण आईसारख्या नव्हत्या, आणि ताई तसं स्पष्ट सांगायच्या. त्या माळा कोणासाठी ओवल्या होत्या ते कधीच कळलं नाही. पलीकडच्या कोणी मागितल्याही नाहीत. भाचीनं एक ठेवली, बाकीच्या इस्पितळातल्या तिच्या मैत्रिणींना दिल्या. प्रत्येकीला ताईंच्या समोर बसून डोळे मिटून तीनदा लावून दाखवावी लागली.

वहिनी त्या दिवशी खरंच ताईंकडे येत होत्या का, हे मी ताईंना कधी विचारलं नाही. त्यांनीच एकदा काढलं. "कदाचित दुसरीकडेच जात असतील हो," त्या म्हणाल्या. "सवयीनं सुटला असेल चार बोटं दोरा. हाताला सवय असते." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण सातही माळांना?" आणि मान हलवून कामाला लागल्या. ह्या दोन वाक्यांमध्ये त्या पुढची नऊ वर्षं राहिल्या असं मला वाटतं. कधी एका बाजूला, कधी दुसऱ्या.

काम त्यांनी सोडलं नाही. फक्त तार तापवायची झाली की मला वर बोलवायच्या. "बघा, रंग बरोबर आलाय का? झाली का जास्त?" मला त्यातलं फार कळत नव्हतं, पण मी नीट बघून सांगायचो.

शेवटी छातीचं दुखणं झालं. भाचीनं त्यांना इस्पितळात आपल्याच वॉर्डात ठेवलं. तिनं बापाला तीनदा निरोप दिला. तिसऱ्या निरोपाला दादा आला. पलंगाशेजारी स्टूल घेऊन बसला, खिडकीबाहेर बघत. अर्ध्या तासानं म्हणाला, "गुडघे गेले माझे."

"तेल लावतोस का?" ताईंनी विचारलं.

"लावतो."

एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, आणि तिसऱ्या दिवशी. चौथ्या दिवशी सकाळी ताई गेल्या.

खोली रिकामी करायला दादा आणि मी दोघंच होतो, भाची कामावर होती. तारा, चिमटे, कानशी, दिवा, सगळं एका खोक्यात बसलं. मी शेगडीवर चहा केला आणि आम्ही जमिनीवरच बसलो. दादा कपात बघत होता.

"त्या कडीचं," तो म्हणाला, "ताईनं भिंगाशिवाय कसं ओळखलं असेल? तिला तर तेव्हा जवळचं दिसत नव्हतं."

मी कप खाली ठेवला.

"तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."

तो रागावेल असं वाटलं, हात उचलेल असंही वाटलं. बारा वर्षं झाली होती, आम्ही दोघं सत्तरीला आलो होतो. त्यानं चहा संपवला. हातावर रेटून, गुडघ्यांना शिव्या देत उठला. मी हात पुढे केला, तो त्यानं धरला नाही. मोरीत जाऊन आपला कप विसळला, पालथा घातला, आणि ते खोकं काखेत मारून एकेक पायरी जपून उतरत खाली गेला.